सर्व्हर सापडत नाही तेव्हा: जुहू, बंगळूर आणि १४४.१६ ची गोष्ट

मागच्या पावसाळ्यातला एक शनिवार. माझ्या प्रबंधासाठी मी ज्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांतले एक निवृत्त नेटवर्क तंत्रज्ञ काका बोरिवलीहून अंधेरीला आले होते. (नाव लिहीत नाही, परवानगीपत्रात तसंच ठरलंय.) स्वतःची मुलाखत ऐकायची, टंकलेखनातल्या चुका दुरुस्त करायच्या आणि मग सही करायची, असं ठरलं होतं. त्या सहीशिवाय मला ती मुलाखत प्रबंधात वापरता येणार नव्हती. आणि प्रकरण देण्याची तारीख तीन आठवड्यांवर होती.

वाचनकक्षातल्या संगणकावर मी मुलाखतींचं पान उघडायला गेले, तर नुसतं चक्र फिरत राहिलं. सर्व्हर सापडतच नव्हता.

पार्श्वभूमी एवढीच, की आमच्या जुन्या खोलीत पाणी गळायला लागल्यामुळे त्याच आठवड्यात सर्व्हर दुसऱ्या खोलीत हलवला होता. नेटवर्कवाल्यांनी चिठ्ठीवर नवा पत्ता लिहून दिला होता, तो मीच फाईलमध्ये भरला होता. मी धावत वर गेले. सर्व्हर चालू, केबलचा दिवा लुकलुकतोय, त्याच्यावरून बाहेरच्या वेबसाइटही उघडतायत. म्हणजे नेटवर्क ठीक, दोष वेब सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये, असा मी निष्कर्ष काढला. मग दोन तास प्रोग्रॅम बंद-चालू करण्यात आणि फायरवॉलचे नियम तपासण्यात गेले. काका शांतपणे बसून होते. निघताना त्यांनी एकच प्रश्न विचारला: "कुठून दिसतोय आणि कुठून दिसत नाही, हे लिहून काढलंस का?"

नव्हतं लिहिलं. या लेखाचा विषय तोच प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधताना मला माझ्याच संशोधनविषयाकडे परत यावं लागलं, म्हणून आधी थोडा इतिहास.

पत्ता म्हणजे वाट, की पत्ता म्हणजे आकडा?

अंधेरी स्टेशनपासून रिक्षाने जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवर गेलात, तर तिथे आज सी-डॅकची इमारत आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेलं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालं. एस. रमाणी हे एनसीएसटीचे प्रमुख होते. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. एनसीएसटी, पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशा आठ संस्था त्यात होत्या. जुहूचं एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोन लाइनवरून ईमेलची ये-जा सुरू झाली, ती याच काळात.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. डायल-अपवरची ती सुरुवातीची ईमेल यूयूसीपी पद्धतीने जायची. तिथे पत्ता म्हणजे वाट असे: अमक्या यंत्राकडून तमक्याकडे, तिथून पुढच्याकडे, अशी नावं उद्गारचिन्हांनी जोडून लिहायची. पत्र पाठवणाऱ्याला रस्ता ठाऊक असावा लागे. जगात प्रत्येक यंत्राला स्वतःचा असा आकडा, म्हणजे आयपी पत्ता, ही पद्धत वेगळी. तिचे नियम १९८१ च्या आरएफसी ७९१ या टिपणात आहेत. (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकित टिपणांत लिहिले जातात ती मालिका.) जुहूहून अमेरिकेतल्या यूयूनेटकडे ९.६ किलोबिटची भाड्याची लाइन सुरू झाली १९८९ मध्ये. 'डॉट इन' या नावाची नोंदही त्याच वर्षीची, ८ मे १९८९ ची, आणि त्याचा कारभार एनसीएसटीकडेच होता.

त्यामुळे "भारतात इंटरनेट कधी आलं?" याला १५ ऑगस्ट १९९५ हे ठरलेलं उत्तर अर्धंच आहे. त्या दिवशी विदेश संचार निगमने ते सर्वसामान्यांना विकायला सुरुवात केली. आणि त्यातही शेल खातं घेणाऱ्यांच्या घरच्या संगणकाला स्वतःचा आयपी पत्ता मिळतच नसे. तो नुसता निगमच्या यंत्राचा पडदा असायचा. म्हणजे ईमेल कधी आली, पत्ता असलेलं यंत्र कधी आलं आणि लोकांना ते विकत कधी मिळायला लागलं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. संशोधनाचा प्रश्न लिहिताना यांतला नेमका कुठला, ते आधी ठरवावं लागतं.

एका गटाचे अनेक तुकडे

अर्नेटला मिळालेला पत्त्यांचा एक मोठा गट १४४.१६ ने सुरू होतो. जुन्या नियमाप्रमाणे पहिला आकडा १२८ ते १९१ च्या दरम्यान असेल, तर तो 'ब' वर्ग. पहिले दोन आकडे नेटवर्कचे, उरलेले दोन त्यातल्या यंत्रांचे. म्हणजे एका गटात ६५,५३६ पत्ते.

आता गंमत बघा. बंगळूरच्या विज्ञान संस्थेतले पत्ते १४४.१६.६४ असे, तर खरगपूर आयआयटीतले १४४.१६.१९२ असे. वर्गाच्या नियमाने दोन्ही एकाच नेटवर्कात, प्रत्यक्षात मध्ये सगळा पूर्व किनारा. यंत्राला हे कळायचं कसं?

त्याचं उत्तर ऑगस्ट १९८५ च्या आरएफसी ९५० मध्ये आहे: सबनेट मास्क. पत्त्यातला किती भाग 'आपल्या आळीचा' मानायचा, हे मास्क सांगतो. समोरचा पत्ता आळीतला असेल, तर यंत्र केबलवर थेट हाक मारतं, "हा पत्ता कोणाचा?" आळीबाहेरचा असेल, तर पाकीट गेटवेकडे सोपवतं. मास्क २५५.२५५.०.० ठेवला, तर बंगळूरचं यंत्र खरगपूरच्या यंत्राला आपल्याच केबलवर हाका मारत बसेल. आपल्याच सोसायटीतला माणूस समजून जिन्यात उभं राहून ओरडायचं, आणि तो राहतो मुलुंडला. उत्तर येणार कुठून?

पुढची पायरी सप्टेंबर १९९३ ची. पत्ते भराभर संपतायत हे दिसल्यावर वर्गांची पद्धतच मोडीत काढली गेली आणि गट हवा तसा कापता यायला लागला. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये १० ने सुरू होणारा अख्खा गट, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख पत्ते, खासगी वापरासाठी मोकळा ठेवला गेला. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटून झाले. आज तुमच्या कॉलेजातल्या संगणकाचा पत्ता बहुधा १० किंवा १९२.१६८ ने सुरू होतो, तो या टंचाईमुळेच.

परत आमच्या सर्व्हरकडे

सोमवारी मी काकांच्या प्रश्नाप्रमाणे कागदावर दोन रकाने आखले. दिसतो: सर्व्हरच्याच खोलीतल्या संगणकांवरून. दिसत नाही: वाचनकक्षातून, आणि शेजारच्या इमारतीतूनही. सर्व्हरवरून बाहेरच्या साइट उघडतात, पण वाचनकक्षातल्या संगणकाला पिंग केलं तर उत्तर नाही. म्हणजे जवळचं चालतं, लांबचं चालतं, आणि मधलंच तेवढं बंद!

कागदावर असं मांडल्याबरोबर कोडं निम्मं सुटलं. सर्व्हरचा नवा पत्ता १०.२०.७.१५, गेटवे १०.२०.७.१. वाचनकक्षातले संगणक १०.२०.३१ मध्ये. फाईल उघडली तर मास्क २५५.२५५.०.०. चिठ्ठीवर होता २५५.२५५.२५५.०. पत्ता आणि गेटवे मी बदलले होते, मास्कची ओळ मात्र तशीच ठेवली होती. कारण तिच्या वर आधीच्या कोणीतरी टीप लिहून ठेवली होती: "मास्क बदलू नये."

वाचनकक्षातून आलेली पाकिटं सर्व्हरपर्यंत नीट पोचत होती. पण उत्तर देताना सर्व्हर त्या संगणकाला आपल्याच आळीतला समजून हाका मारायचा, गेटवेकडे जायचाच नाही. बाहेरच्या साइटचे पत्ते उघडच वेगळे, म्हणून ते गेटवेकडून व्यवस्थित जात. बंगळूर-खरगपूरचं जे उदाहरण मी प्रबंधात लिहिलं होतं, तेच माझ्या खोलीत घडत होतं. आणि मला ते ओळखता आलं नाही.

नेटवर्कवाल्यांना विचारलं, तेव्हा कळलं की ती टीप चूक नव्हती. ती लिहिली तेव्हा संस्थेचं नेटवर्क एकसंध होतं आणि हाच मास्क बरोबर होता. नंतर इमारतीनुसार तुकडे पाडले गेले. जुनी खोली तेवढी जुन्या पद्धतीवर राहिली होती, म्हणून कधी अडलं नाही. फाईल खोटं बोलत नव्हती, ती जुनं खरं सांगत होती. तिच्यावर तारीख नव्हती, एवढाच दोष.

संशोधनाला निघालेल्यांसाठी

दप्तरखान्यातले कागद वाचताना हीच चूक होते. आदेश सापडला की आपण धरून चालतो, तसंच घडलं असणार. फाईलमधली ओळ म्हणजे आदेश, आणि यंत्राची चालू स्थिती म्हणजे प्रत्यक्ष घडलेलं. दोन्ही स्वतंत्रपणे तपासायचं.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर क्रम असा ठेवा. आधी कुठून दिसतं आणि कुठून नाही, ते लिहा. मग फाईल बाजूला ठेवून यंत्रालाच विचारा, तुझा सध्याचा पत्ता, मास्क आणि गेटवे काय. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर समजा की पत्ता वाटणारा सर्व्हर सापडला नाही म्हणून यंत्राने स्वतःच एक घेतलाय. तोच पत्ता दुसऱ्या कोणाला दिलेला नाही ना, ते बघा. आकड्याने पोचता येतं पण नावाने नाही, तर नावांच्या सर्व्हरचा पत्ता तपासा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, लगेच वहीत नोंदवा. मी शनिवारी चार गोष्टी एकदम बदलल्या होत्या. त्या पूर्ववत करण्यातच सोमवारची अर्धी दुपार गेली.

काका पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. या वयात बोरिवलीहून दुसरी खेप, ती माझ्यामुळे. मुलाखत ऐकता ऐकता एका ठिकाणी थांबले आणि म्हणाले, "हे वर्ष मी चुकीचं सांगितलंय." घरून आणलेली जुनी डायरी उघडून दाखवली. ते वर्ष माझ्या प्रकरणात दोनदा आलं होतं. पहिल्या शनिवारी घाईघाईत नुसती सही घेतली असती, तर ते तसंच छापलं गेलं असतं.

सर्व्हरवरच्या त्या ओळीवर आता नवी टीप आहे. मास्क कोणी दिला, कधी दिला आणि का, तिन्ही लिहिलंय. "बदलू नये" हे मात्र काढून टाकलं.