मतांचा ताळा

आमच्या आप्पांचे भुसारी दुकान होते. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री जुन्या वहीचा ताळा जमल्याखेरीज नव्या वहीला हळदकुंकू लागत नसे. एका वर्षी सहा आणे काही केल्या जमेनात. आईने जेवायला दोनदा हाक मारली, आम्ही मुले करंज्यांच्या डब्याकडे पाहत ताटकळलो. शेवटी दिवाणजी काकुळतीला येऊन म्हणाले, "आप्पा, सहा आणे मी पदरचे घालतो, पण वही मिटा." आप्पा चष्म्यावरून पाहत म्हणाले, "पैसे मिळतील हो, पण चूक कुठे मिळणार?" पहाटे ती सापडली. रोजकीर्दीतले आठ आणे खतावणीत दोन आणे होऊन बसले होते.

पुढे मी शाळामास्तर झालो आणि मास्तराच्या नशिबी येणारी निवडणुकीची कामे माझ्याही नशिबी आली. कागदी मतपत्रिकांचे ते दिवस. आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेची मतमोजणी चालली होती. रात्रीचा दीड वाजलेला. पन्नास-पन्नासांचे गठ्ठे बांधून झाले, बेरीज झाली, आणि एका वॉर्डात सायकलच्या दुकानाचे मालक असलेले एक वयस्क गृहस्थ सात मतांनी पडले. निकाल वाचण्यापूर्वीच ते उठले आणि त्यांनी फेरमोजणीचा लेखी अर्ज साहेबांच्या पुढे ठेवला. निकाल जाहीर होण्यापूर्वीच तो द्यावा लागतो. एकदा निकाल वाचला की पुढची वाट कोर्टातून जाते. अर्ज मंजूर झाला. मला त्या गृहस्थांचा असा राग आला म्हणता! हरला तर हरला. आम्हां गरिबांची झोप कशाला मोडता?

तो राग किती पोरकट होता, हे निवृत्तीनंतर कळले. वाचनालयात न्यू यॉर्क शहराचा इतिहास वाचत होतो, त्यात १९०५ सालची महापौरपदाची निवडणूक भेटली. दिवाळीच्या दिवसांत इतक्या लांबची गोष्ट कशाला, असे वाचक म्हणतील. पण वहीच्या ताळ्याचीच ती गोष्ट आहे.

न्यू यॉर्कवर त्या काळी 'टॅमनी हॉल' या डेमोक्रॅटिक पक्षाच्या मंडळीची सत्ता होती. गरिबाला नोकरी लावून द्यावी, हिवाळ्यात कोळसा पोचवावा, मयताला माणसे धाडावीत, आणि मोबदल्यात मत घ्यावे, असा रोकडा कारभार. याच टॅमनीचा जुना म्होरक्या ट्वीड. थॉमस नॅस्ट या व्यंगचित्रकाराने १८७१ साली त्याला मतपेटीला खुशाल रेलून उभा असलेला दाखवला होता. लोक मते देवोत कोणालाही, मोजणारे हात आपले असले म्हणजे झाले, असा त्या चित्राचा रोख.

१९०५ मध्ये टॅमनीचे उमेदवार होते विद्यमान महापौर जॉर्ज मॅक्लेलन, यादवी युद्धातल्या प्रसिद्ध सेनापतीचे चिरंजीव. त्यांच्यासमोर उभे राहिले वृत्तपत्रांचे धनी विल्यम रँडॉल्फ हर्स्ट. हर्स्टसाहेब म्हणजे काही धुतल्या तांदळासारखे गृहस्थ नव्हते. भडक बातम्यांवरच त्यांचे साम्राज्य उभे होते. पण गॅस, वीज, ट्राम ही शहराच्या मालकीची असावीत, ही त्यांची मागणी सामान्य माणसाला पटली. ७ नोव्हेंबरला मतदान झाले. हर्स्टच्या बाजूच्या कित्येक देखरेख्यांना मारहाण करून मतदानकेंद्रांतून हुसकावल्याच्या बातम्या आल्या, मतपेट्या नदीत सापडल्याच्याही आल्या. बेरीज झाली ती अशी: मॅक्लेलन २,२८,३९७, हर्स्ट २,२४,९२५. फरक ३,४७२ मतांचा. तिसरे उमेदवार आयव्हिन्स यांना १,३७,१९३.

हर्स्ट म्हणाले, पेट्या उघडा आणि पुन्हा मोजा. आता गंमत पहा. मागणी साधी, पण ती पुरी करायची कोणत्या कायद्याने? बाद ठरवलेल्या किंवा हरकत घेतलेल्या मतपत्रिका न्यायाधीशाने पाहाव्यात, एवढी सोय कायद्यात होती. सगळी पेटीच पुन्हा मोजावी, अशी नव्हती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पेट्या उघडण्याचा हुकूम आम्हांला देता येणार नाही. १ जानेवारी १९०६ रोजी मॅक्लेलन खुर्चीवर बसले. कुलूपबंद पेट्या तशाच राहिल्या.

पुढल्याच वर्षी हर्स्ट राज्याच्या गव्हर्नरपदाला उभे राहिले, आणि ज्या टॅमनीच्या मर्फीला त्यांच्या पत्रांनी कैद्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत रंगवले होते, त्याच मर्फीचा पाठिंबा त्यांनी घेतला! राजकारणाची ही चव सगळीकडे सारखीच. ते पडले, निवडून आले चार्ल्स इव्हान्स ह्यूज. पण १९०७ मध्ये फेरमोजणीचा खास कायदा झाला तो याच ह्यूज यांच्या सहीने, म्हणजे हर्स्टला पाडणाऱ्याच्या सहीने. ह्या गोष्टीतला मला सर्वांत आवडलेला माणूस तोच. तोही कायदा न्यायालयाने रद्द केला. एखाद्याचे पद जायचे असेल तर ज्यूरीपुढे खटला चालवण्याचा त्याचा हक्क आहे आणि हा कायदा तो हिरावतो, असे कारण दिले. कारण खोटे नव्हते. पण महिने चालले होते. अखेर राज्याच्या अॅटर्नी जनरलने, तुम्ही कोणत्या अधिकाराने खुर्चीवर बसला आहात, असा रीतसर दावा मॅक्लेलन यांच्यावर लावला आणि १९०८ मध्ये ज्यूरीसमोर पेट्या उघडल्या.

निघाले काय? हर्स्टची मते थोडी वाढली, फरक कमी झाला, पण फिटला नाही. मॅक्लेलनच महापौर ठरले. त्यांच्या चार वर्षांच्या मुदतीतली अडीच वर्षे तोवर संपली होती.

टॅमनीची मंडळी म्हणाली, पाहा, आम्ही सचोटीचे! इथे मला आप्पांच्या वहीची आठवण येते. वहीचा ताळा जमला म्हणजे बेरीज बरोबर एवढेच कळते. नोंद खरी की खोटी, हे ताळा सांगत नाही. ज्याला दारातून हाकलले त्याचे मत पेटीत नसतेच, ते कितीही वेळा मोजा, सापडणार कसे? आणि एकच मनुष्य तीन नावांनी येऊन गेला असेल तर त्याच्या तिन्ही मतपत्रिका पेटीत गुण्यागोविंदाने नांदत असतात. फेरमोजणी वेगळी आणि हिशेबतपासणी वेगळी. मतदारयादी, केंद्रावरच्या सह्या, पेटीचे सील, हे सारे त्याच आठवड्यात तपासायला हवे होते. तीन वर्षांनी उरले ते नुसते कागद.

आपल्याकडे हा विचार कायद्यात लवकर आला, हे कौतुकाने सांगितले पाहिजे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात निवडणुकीविरुद्धचा अर्ज दहा दिवसांच्या आत लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे करण्याची तरतूद आहे. म्हणजे हर्स्टसाहेब जी वाट तीन वर्षे शोधत होते, ती मुंबईत त्याआधीच आखलेली होती. त्याच मुंबईत २०१७ च्या फेब्रुवारीत प्रभाग २२० मध्ये फेरमोजणी झाली आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर व भाजपचे अतुल शहा या दोघांची मते बरोबर ५,९४६ भरली! एका लहान मुलीने चिठ्ठी उचलली, ती शहांच्या नावाची निघाली. ऐंशी वर्षांच्या माझ्या बहिणीने टीव्हीवर हे पाहिले आणि त्या दिवसापासून ती एकाही मतदानाला चुकलेली नाही.

आता त्या रात्रीचे राहिलेले. आम्ही गठ्ठे सोडले. घडीमुळे शिक्क्याची शाई दुसऱ्या चिन्हावर उमटली होती, अशी एक मतपत्रिका निघाली. शिक्क्याच्या फुलीचे बाण एका बाजूला वळलेले असतात, त्यामुळे खरा ठसा कोणता आणि घडीतून उलटा उमटलेला कोणता, हे ओळखता येते. पहिल्या मोजणीत मीच ती घाईने बाद केली होती. मत त्या सायकलवाल्यांचे होते. सातांचे सहा झाले.

मी मान खाली घालून उभा होतो. ते टेबलापाशी आले आणि म्हणाले, "गुरुजी, आता नीट झाली ना?"

"झाली," मी म्हणालो.

"मग आणा कागद, सही करतो. तुम्हांलाही घरी जायचं असेल."