किल्डेअरचे निर्बंध

७ ऑगस्ट २०२० रोजी कोविडमुळे किल्डेअर, लीश व ऑफली या काउंट्यांवर निर्बंध आले. २१ ऑगस्टला इतर दोन सुटल्या, किल्डेअर अडकले. साथ मांसाच्या कारखान्यांत, मग नासच्या हॉटेलांना शिक्षा का, असा व्यापाऱ्यांचा सवाल होता. अखेर मुदतीपूर्वीच, ३१ ऑगस्टला, निर्बंध उठले.

अशा वेळी मराठी माणसाला पुण्याचा प्लेग आठवतो. १८९७ साली रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घरोघर झडत्या घेत. तक्रारी धुडकावल्या गेल्या, आणि २२ जूनच्या रात्री दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली.

किल्डेअरमध्ये निदान उघड वाद होऊ शकला. पण त्यात कारखान्यांत दाटीने राबणाऱ्या परदेशी कामगारांचा आवाज क्षीणच होता. आपणही परदेशातून आलेलो. त्यांची बाजू आपण मांडायला हवी.