मिरजेचा तंबोरा

मंडळी, इथं उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. तेच पाणी पुढं कराड, सांगली करत मिरजेजवळून कर्नाटकात जातं. आपल्या महामार्गावरून कर्नाटकच्या बसगाड्याही रोज जातात, आणि सीमाप्रश्न पेटला की त्या थांबतात, हे तुम्ही पाहिलंय. म्हणून आज आम्ही मिरजेचं उदाहरण घेतो.

संगीत माणसं जोडतं, असं आपण सहज म्हणून जातो. आम्हाला ते इतकं सोपं वाटत नाही. २००९ च्या गणेशोत्सवात एका कमानीवरून ह्याच मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली. एवढं गाणं मुरलेल्या गावात ती थांबली नाही. मग जोडतं ते काय?

तंबोरा बघा. त्याचा भोपळा येतो पंढरपूरच्या बाजूनं. घडवणारे मिरजेचे शिकलगार. ह्यांचे पूर्वज तलवारींना धार लावायचे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचा धंदा बसला, तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. तो तंबोरा घेऊन गायचं कोणी? उत्तरेतल्या कैराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत येऊन राहिले. त्यांचे शिष्य कुंदगोळचे रामभाऊ. घरची भाषा कन्नड, पण ‘सवाई गंधर्व’ म्हणून नाव झालं ते मराठी रंगभूमीवर. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी, गदगकडचे, आणि मराठी अभंग घराघरांत नेले ते त्यांनी! (विठ्ठलालाही आपले संत ‘कानडा’च म्हणतात, ते असो.)

ह्याला आम्ही प्रेम म्हणणार नाही, गरज म्हणू. गवयाला जवारी काढणारा हात लागतो, आणि त्या हाताला सूर पारखणारा कान. तिथं जातपात, भाषा विचारून भागत नाही.

खाँसाहेब १९३७ साली प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनवर वारले. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. उरुसाला तिथं दोन्हीकडचे गवई येऊन हजेरी लावतात.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. पण आता पुष्कळ विद्यार्थी मोबाईलवर तंबोरा लावून रियाज करतात. त्याला ना पंढरपूरचा भोपळा लागतो, ना मिरजेचा शिकलगार. आम्हाला दंगलीपेक्षा ह्याचीच धास्ती जास्त वाटते.