गेमिंग लॅपटॉपचं ग्राफिक्स: एनव्हिडिया, एएमडी आणि स्टिकरवर न छापलेला आकडा

गेल्या महिन्यात कळंबहून मावसभावाचा फोन आला. "दादा, दीड लाख जमलेत. एनव्हिडियाचा लॅपटॉप घेऊ का एएमडीचा?" त्याला गेम डिझाइनचा कोर्स करायचाय. पैशातले निम्मे सोयाबीनचे, उरलेले मावशीच्या भिशीचे. म्हणजे हा लॅपटॉप चार वर्षं पुरवायचाय, चुकला तर लगेच दुसरा मिळणार नाही.

मी त्याला म्हटलं, तुझा प्रश्न बरोबर आहे, पण तो आता दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला कोणता, ते या लेखात सांगतो. आधी थोडी पार्श्वभूमी.

ही स्पर्धा तुमच्या फोनपर्यंत आलेली आहे

एनव्हिडिया १९९३ मध्ये सुरू झाली. १९९९ च्या जीफोर्स २५६ ला तिने 'जगातला पहिला जीपीयू' म्हणून विकलं आणि हा शब्द तिथून रूढ झाला. समोर कॅनडाची एटीआय होती, रेडिऑन कार्ड बनवणारी. २००६ मध्ये एएमडीने एटीआय विकत घेतली, आणि तेव्हापासून सामना एनव्हिडिया विरुद्ध एएमडी असा आहे.

आता गंमत बघा. एटीआयकडे मोबाइलसाठीही ग्राफिक्स होतं. पैशाची चणचण असलेल्या एएमडीने तो विभाग २००९ मध्ये क्वालकॉमला साडेसहा कोटी डॉलरला देऊन टाकला. स्नॅपड्रॅगन फोनमध्ये जे 'अड्रेनो' असतं ते हेच. 'रेडिऑन'ची इंग्रजी अक्षरं उलटसुलट लावली की 'अड्रेनो' होतं! एनव्हिडियानेही टेग्रा नावाची चिप घेऊन फोनमध्ये नशीब आजमावलं, शाओमीच्या मी ३ मध्ये ती होती. पण फोनच्या बाजारात ती टिकली नाही.

अजून एक. एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग आणि एएमडीच्या लिसा सू हे नातेवाईक आहेत. लिसाबाईंचे आजोबा (आईचे वडील) आणि जेन्सन यांची आई ही सख्खी भावंडं. म्हणजे जेन्सन हे लिसाबाईंच्या आईचे आतेभाऊ, आपल्या हिशेबाने मामाच. मामा-भाचीत असा सामना आपल्याकडे फक्त ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दिसतो.

महागड्या लॅपटॉपमध्ये सामना एकतर्फी का झाला?

डेस्कटॉपमध्ये कार्ड आपण निवडतो आणि आपणच बसवतो. लॅपटॉपमध्ये चिप बोर्डावरच बसवलेली असते, त्यामुळे निवड आपली नसते, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची असते. कंपनीला हजारो चिप्स वेळेवर, एकाच डिझाइनला जुळतील अशा हव्या असतात. इथे एनव्हिडिया वर्षानुवर्षं पुढे राहिली.

एएमडीने प्रयत्न केले नाहीत असं नाही. २०२१ मध्ये १२ जीबी मेमरीचं आरएक्स ६८००एम आलं, ते चांगलं होतं. २०२२ मध्ये आसुसच्या झेफिरस जी१४ मध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही एएमडीचं होतं. पण २०२३ च्या जी१४ मध्ये ग्राफिक्स परत एनव्हिडियाचं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एएमडीने १६ जीबीचं आरएक्स ७९००एम काढलं, ते सुरुवातीला एलियनवेअर एम१८ या एकाच भल्यामोठ्या लॅपटॉपमध्ये आलं. २०२५ मध्ये आरएक्स ९०७० डेस्कटॉपसाठी आलं, तेव्हा त्या पिढीचं लॅपटॉप कार्ड सोबत आलंच नाही.

इंटेल २०२२ मध्ये आर्क घेऊन मैदानात आली, पण वरच्या श्रेणीपर्यंत पोहोचली नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की ती इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर गुंतवणार, आणि इंटेल आपल्या प्रोसेसरमध्ये आरटीएक्स ग्राफिक्स बसवणार. तिसरा स्पर्धकच भागीदार झाला!

त्यामुळे दुकानात 'एएमडीचा लॅपटॉप' म्हणून जो दाखवतात, त्यात बहुतेक वेळा प्रोसेसर रायझन असतो आणि ग्राफिक्स एनव्हिडियाचं. हा घोळ लई जणांचा होतो.

नाव तेच, चिप वेगळी

समोर तगडा स्पर्धक नसला की काय होतं ते नावांमध्ये दिसतं. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ कोअर आणि २४ जीबी मेमरी. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये ९,७२८ कोअर आणि १६ जीबी. ही एकच चिप कमी वेगाने चालवली असंही नाही, मुळात चिपच लहान आहे. २०२५ च्या पिढीत तेच: डेस्कटॉप ५०९० मध्ये २१,७६० कोअर, लॅपटॉप ५०९० मध्ये १०,४९६. ५०७० घ्या. डेस्कटॉपला १२ जीबी, लॅपटॉपला ८ जीबी.

२०१६ मध्ये असं नव्हतं. तेव्हाच्या जीटीएक्स १०८० चे कोअर लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोन्हीत २,५६० च होते. डेस्कटॉपची चिप पुढे ४५० आणि आता ५७५ वॉटपर्यंत गेली. तेवढी उष्णता लॅपटॉपमधून बाहेर काढणं शक्य नाही, हे मान्य. पण मग नाव तरी वेगळं द्या ना! माझ्या मते इथे एनव्हिडिया सरळ ग्राहकाला गोंधळात टाकते. एएमडीच्या ७९००एम मध्येही डेस्कटॉपपेक्षा कमी कोअर आहेत, पण निदान नावापुढे 'एम' आहे.

वॉट: खरा आकडा

आता माझी स्वतःची फजिती. २०२१ मध्ये नोकरीच्या पैशातून मी पहिला गेमिंग लॅपटॉप घेतला, आरटीएक्स ३०६० वाला. सडपातळ, दिसायला भारी. ऑफिसातल्या मित्राकडेही ३०६० च होता, जाडजूड वीट. तोच गेम, तीच सेटिंग, आणि त्याच्याकडे फ्रेम्स माझ्यापेक्षा स्पष्ट जास्त. मला वाटलं माझा पीस खराब आलाय. शोधल्यावर कळलं, एनव्हिडियाने ३०६० ची मर्यादा ६० ते ११५ वॉट ठेवली होती. त्यात कुठला आकडा लावायचा ते लॅपटॉप कंपनी ठरवते. माझ्या कंपनीने तळाचा लावला होता आणि विक्रीच्या पानावर तो कुठेच लिहिला नव्हता.

भूमकडच्या खव्याच्या भट्ट्या पाहिल्या असतील तर हे लगेच कळेल. कढई तीच, दूध तेवढंच, पण जाळ कमी केला की खवा व्हायला वेळ लागतो. चिप म्हणजे कढई, वॉट म्हणजे जाळ. फक्त एक फरक: वॉट दुप्पट केले म्हणून वेग दुप्पट होत नाही. सुरुवातीला फायदा भरपूर, वर गेल्यावर कमी कमी. पूर्वी कमी वॉटच्या चिपला 'मॅक्स-क्यू' असं लेबल तरी असायचं. २०२१ च्या सुरुवातीला नावातून तेही गेलं.

आकडा कसा बघायचा? विंडोजमध्ये एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा, 'सिस्टिम इन्फर्मेशन' वर जा, तिथे 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' दिसेल. दुकानात डेमो पीस असेल तर तिथेच उघडायला सांगा. ऑनलाइन घेताना 'टीजीपी' हा शब्द शोधा. सापडला नाही तर कंपनीच्या साइटवरची पूर्ण स्पेसिफिकेशन बघा, तिथेही नसेल तर तो लॅपटॉप सोडा.

आपल्या जिल्ह्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगतो. एक म्हणजे लाइट. हे आकडे चार्जर लावल्यावरचे आहेत. बॅटरीवर चिप स्वतःहून वेग उतरवते. विमानात १०० वॉट-अवरच्या वरची बॅटरी सहज नेता येत नाही म्हणून कंपन्या ९९ च्या आसपास थांबतात. त्यावर १२० वॉट ओढले तरी पाऊण तासाच्या आसपास खेळ खल्लास. लाइट गेल्यावर गेम खेळू हा विचार सोडा.

दुसरी म्हणजे उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार गेला की पंख्यांनी आत ओढलेली हवाच गरम असते, आणि ठराविक तापमानानंतर चिप वेग कमी करते. उष्णता ही लॅपटॉप ग्राफिक्सची जुनीच दुखरी नस आहे. चिपच्या जोडणीतलं मटेरियल तापण्या-थंडावण्याने कमकुवत होत असल्याने २००८ मध्ये एनव्हिडियाला १९.६ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले होते. म्हणून आपल्याकडे जाड लॅपटॉप घ्या. पातळपणा पुण्याच्या एसी ऑफिसात शोभतो.

मग एएमडी बघायचंच नाही का?

बघा, पण काम बघून. मावसभावाला ब्लेंडर आणि पुढे थोडं एआय शिकायचंय. २००७ पासून एनव्हिडियाचं कुडा या कामांत इतकं मुरलंय की बऱ्याच ट्युटोरियल्समध्ये तेच गृहीत धरलेलं असतं. ब्लेंडर रेडिऑनवरही चालतं, पण शिकताना एरर शोधत बसायला नवशिक्याकडे वेळ नसतो. फ्रेम्स वाढवणारं डीएलएसएस फक्त आरटीएक्सवर चालतं. एएमडीचं एफएसआर आधी सगळ्यांसाठी खुलं होतं, पण २०२५ मध्ये एफएसआर ४ आलं ते फक्त आरएक्स ९००० साठी. म्हणजे रेडिऑनच्या जुन्या लॅपटॉपवाल्यांना घरचंच जेवण मिळालं नाही.

एएमडीचा खरा डाव वेगळीकडे आहे. २०२५ च्या रायझन एआय मॅक्स+ ३९५ मध्ये प्रोसेसर आणि मोठं ग्राफिक्स एकाच पॅकेजमध्ये आहे, आणि दोघं मिळून १२८ जीबीपर्यंत मेमरी वापरतात. वेगळ्या कार्डाची गरजच काढून टाकायची, हा विचार मला आवडतो. पण आसुसच्या फ्लो झेड१३ सारख्या ज्या मशीनमध्ये तो येतो, त्या दीड लाखात बसत नाहीत.

शेवटी आम्ही दोघं सोलापूरला गेलो. दुकानदाराने आधी ५०७० वाला पातळ लॅपटॉप पुढे केला. पॅनल उघडायला लावलं तर ८५ वॉट. शेजारी ५०६० वाला जाड होता, ११५ वॉट, मेमरी दोन्हींना ८ जीबीच, आणि किमतीत अठरा हजारांचा फरक. भावाने जाडवाला घेतला आणि उरलेल्या पैशात रॅम वाढवून कूलिंग पॅड घेतलं. दुकानदार म्हणाला, "हे पॅनल उघडायला सांगणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय." मावशीला मात्र अजून पटलेलं नाही, जास्त नंबरचा सोडून कमी नंबरचा का घेतला म्हणून.