सुंठीचा उकाळा आणि शेजारचा चहा



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. कारण तसंच आहे, आम्ही घर बदललं. जालन्यातला फ्लॅट सोडून घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थला, यांच्या आजोबांच्या जुन्या घरात राहायला आलो. सासूबाईंची इच्छा होती की उरलेले दिवस त्याच ओसरीवर काढायचे. अर्धी खोकी अजून बांधलेलीच आहेत. पण खलबत्ता, चहाचं पातेलं आणि गाळणी पहिल्याच दिवशी बाहेर काढली. मार्गशीर्षातली थंडी, रिकाम्या घराच्या गार फरश्या. हातात गरम पेला आला की मगच घर आपलं वाटायला लागतं, हा अनुभव तुम्हालाही असेल.

जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 च्या रामनवमीला सूर्याजीपंत आणि राणूबाई ठोसर यांच्या घरी नारायणाचा जन्म झाला. लग्नात 'सावधान' ऐकताच तो बोहल्यावरून निघून गेला, ही गोष्ट इथल्या लहान मुलालाही पाठ आहे. पुढे नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप, बारा वर्षं तीर्थाटन, आणि मग आईला भेटायला ते परत आले, असं परंपरा सांगते. घर सोडून गेलेल्याचं हे गाव, आणि आम्ही इथे घर मांडायला आलो!

पहिल्या दिवशी रीतीप्रमाणे दूध तापवलं. शेजारच्या मावशी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "उतू जाऊ द्या की, नव्या घरात दूध उतू गेलं पाहिजे." सासूबाईंनी उकळी वर येताच पातेलं खाली उतरवलं. "जळण्यापेक्षा वाटीत गेलेलं बरं," म्हणाल्या, आणि पहिली वाटी मावशींनाच दिली. दोघी हसल्या. इथवर सगळं छान झालं.

घोटाळा संध्याकाळी झाला. दिवसभर सामान लावून आम्ही थकलो होतो. सूर्य मावळला होता आणि सासूबाईंचे चौविहाराचे पच्चक्खाण झाले होते. माझाही रात्रिभोजन त्याग आहे. तेवढ्यात मावशी स्टीलच्या ताटलीत तीन कप चहा घेऊन आल्या. लांबूनच आल्याचा वास आला. "थंडी लई हाय. दमला असाल. घ्या की ताई, गरम हाय."

मी पटकन म्हणाले, "नको मावशी, आम्हाला चालत नाही."

त्यांचा हात जागच्या जागी थांबला. "चालत नसंल तर राहू द्या," एवढंच त्या हळूच बोलल्या, आणि ताटली घेऊन मागे वळल्या. मला आधी कळलंच नाही की मी काय बोलून बसले. सासूबाईंच्या मात्र लगेच लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "तू चहाबद्दल बोललीस. तिने स्वतःबद्दल ऐकलं."

रात्री झोप लागेना. आपल्याकडून नक्की कुठे चुकलं, हे शोधता शोधता मी चहाच्या इतिहासापर्यंत जाऊन पोहोचले.

समर्थांच्या काळात या भागातल्या घरात गरम प्यायचं म्हणजे दूध, पेज, कढण, नाहीतर औषधाचा काढा. त्याच शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात खाण्यापिण्याचे पदार्थ आणि त्यांचे गुणदोष सांगितले आहेत. या रघुनाथांचा समर्थांशी संबंध होता, हे संशोधक प. कृ. गोडे यांनी दाखवून दिलं. खाणं म्हणजे गुण, दोष, ऋतू आणि प्रकृती पाहून घ्यायची गोष्ट, ही आपल्याकडची जुनी दृष्टी.

चहा तेव्हा चीनकडून येई, तोही बंदरांपुरता. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री 1689 मध्ये सुरतेला आला. त्याने लिहून ठेवलंय की तिथे चहा गरम मसाले घालून उकळतात, डोकेदुखी आणि पोटातल्या कळांवर घेतात, आणि खडीसाखर किंवा मुरवलेल्या लिंबाबरोबर पितात. सुरतेचे वाणी लोकही दिवसभरात चहा-कॉफी घेतात, अशीही त्याची नोंद आहे. म्हणजे मसाल्याचा चहा ही काही आजकालची कल्पना नाही. तो आधी काढाच होता, पेय नंतर झाला.

घराघरातला चहा मात्र खूप अलीकडचा. आसामातला चहा 1839 मध्ये पहिल्यांदा लंडनच्या लिलावात गेला आणि पुढे बरीच वर्षं तो बाहेरच जात राहिला. 1903 मध्ये मळेवाल्यांच्याच मागणीवरून निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. रेल्वे स्टेशनांवर स्टॉल लागले, देशी भाषांत पाट्या लागल्या, शहरांमध्ये चहा करून दाखवणारे लोक घरोघर गेले. गंमत म्हणजे आपले विक्रेते दूध, साखर आणि मसाला जास्त घालत, ते या प्रचारकांना पसंत नव्हतं, कारण मग पत्ती कमी लागते! 1930 च्या दशकात आसामात सीटीसी यंत्रं आली. त्यातून निघणारा दाणेदार चहा थोडक्यात कडक होतो आणि स्वस्त पडतो. स्वातंत्र्यानंतर तोच आपल्या घरात रुळला. आमच्या आजेसासूबाई सांगत की त्यांच्या लहानपणी चहा फक्त ताप आल्यावर मिळायचा, आणि पाहुणा आला की ताक किंवा दूध.

पण चहा आला तसा एक प्रश्नही आला. हा कुणाच्या हातचा?

1890 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला मोठी मोठी मंडळी गेली होती. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. तिथे चहा-बिस्किटं समोर आली. गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या पतींनी, हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मधून जाहीर केली आणि गावात गहजब झाला. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली. 1892 मध्ये चौकशी झाली, प्रायश्चित्तं झाली, कोणाच्या पंक्तीला कोणी बसायचं यावरून घराघरात भांडणं झाली. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत या प्रकरणाबद्दल लिहिलं आहे. एका पेल्यासाठी एवढं सगळं! चहात काय घातलं होतं हे कुणीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की तो कुणी दिला.

आणि पुण्याच्या पुढाऱ्यांना निदान प्रायश्चित्ताची वाट तरी होती. गावोगावच्या हॉटेलांत ज्यांच्यासाठी कान तुटलेली कपबशी वेगळी ठेवलेली असे, चहा पिऊन ती स्वतःच विसळून ठेवावी लागे, त्यांना कुठली वाट होती? दलित लेखकांच्या आत्मकथनांत ही कपबशी कितीदा भेटते. आमच्या मावशींनी ती लहानपणी पाहिलेली आहे. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. "आम्हाला चालत नाही" हे तीन शब्द त्यांनी माझ्या आधीही ऐकले होते.

आपला नियम तसा नाही, हे आपल्याला माहीत असतं. आलं आपण घेत नाही कारण ते कंदमूळ, अनंतकाय. एका देहात अनंत जीव. तेच वाळून सुंठ झालं की ते अचित्त होतं, म्हणून सुंठ चालते. सूर्यास्तानंतर घेत नाही तेही जीवदयेसाठीच. नियम पदार्थाचा आहे, वेळेचा आहे. माणसाचा त्यात संबंधच नाही. पण दारात ताटली धरून उभ्या असलेल्या बाईला हे कसं कळणार? तिला नकार तेवढा दिसतो. पुण्यातला नकार आणि माझा नकार, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

सकाळी मी हे सासूबाईंना बोलून दाखवलं. त्या माळ फिरवत होत्या. थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बाहेरून सारखेच दिसतात म्हणतेस, पण आमच्या वेळी ते आतूनही सारखेच होते. कंदमुळाचं नाव पुढे करायचं आणि माणूस टाळायचा, हे या ओसरीवर मी स्वतः केलंय. दिवाळीत उत्तराध्ययन ऐकतो आपण. हरिकेशी मुनींचं अध्ययन ऐकून डोळे पुसतो, आणि घरी येऊन तेच करतो."

उत्तराध्ययन सूत्राचं बारावं अध्ययन तुम्हाला आठवत असेल. चांडाळ कुळात जन्मलेले हरिकेशबल मुनी गोचरीला यज्ञमंडपात जातात. तिथे त्यांना हाकलतात, मारायला धावतात. शेवटी त्याच लोकांना कळतं की मोठेपण तपात आहे, जातीत नाही. मी ही कथा कितीदा ऐकली असेल. पण प्रत्येक वेळी मी स्वतःला ऐकणाऱ्यांत धरलं होतं. दारात उभं राहून नकार देणाऱ्यांत मीही असू शकते, हे पहिल्यांदाच जाणवलं.

नवकारसी झाल्यावर मी मावशींच्या घरी गेले. आमच्याकडे बोलावता आलं असतं, पण ते पुरेसं नव्हतं. आपल्या घरचं दुसऱ्याला देणं सोपं असतं, त्यात आपलं काही पणाला लागत नाही. मी त्यांच्या चुलीजवळ बसले आणि म्हणाले, "मावशी, काल माझं बोलणं चुकलं. मला दिवस मावळल्यावर काहीच चालत नाही, आणि आलं कधीच चालत नाही. बाकी तुमच्या हातचं सगळं चालतं. आता बिनआल्याचा चहा द्या."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग परसातून गवती चहाची दोन पाती तोडून आणली. "हे तर चालतंय ना?" मी म्हटलं, "हे चालतंय." त्यांच्या घरच्या कपात, चुलीच्या धुराचा वास असलेला तो चहा मी प्यायले. जांबेत मला घर तेव्हा मिळालं.

दुपारी त्या आमच्याकडे आल्या आणि सासूबाईंनी स्वतः उठून उकाळा केला. रीत साधी आहे. दोन पेले गाळलेलं पाणी, अर्धा चमचा सुंठ पूड, चार मिरे ठेचून, एक वेलदोडा, गवती चहाचं एक पातं, चवीपुरता गूळ. पाणी दीड पेला होईपर्यंत उकळायचं आणि गाळायचं. दूध हवं असेल तर वेगळं तापवून गाळल्यावर घालायचं, गुळाबरोबर उकळलं तर फाटतं. सासूबाईंनी तिघींसाठी सारखे कप मांडले आणि मावशींच्या हातात कप देताना एवढंच म्हणाल्या, "मागचं माफ करा." मावशींनी कप घेतला. खमणं तसंच राहिलं.

मैत्रिणींनो, व्रत सोडू नका. फक्त नकार देताना कारण सांगा, आणि सकाळी त्या घरी जाऊन बसा. माझ्या लिहिण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.