नभोवाणीचा श्रोता आणि त्याचे मत

नवे यंत्र बाजारात आले आणि त्याविषयी मत नाही, असा माणूस आपल्या गावात सापडणे कठीण. यंत्र कसे चालते हे ठाऊक असो वा नसो, ते टिकेल की बुडेल, घरात आणावे की आणू नये, सरकारने त्यात हात घालावा की घालू नये, या सर्वांचा निकाल चहाचा पेला संपण्याच्या आत लागलेला असतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नवी बातमी येते आणि कालचा निकाल फिरतो. विद्वान मंडळी अशा मतांना हसतात. इतिहासकार त्यांची दखल घेत नाहीत, कारण ती कोणी लिहून ठेवलेली नसतात. तरीपण एका यंत्राच्या बाबतीत ही सहज बोललेली मते थोडीफार हाती लागतात. ते यंत्र म्हणजे रेडिओ. तो घरी ठेवायला परवाना लागत असे आणि परवान्यांचे आकडे सरकारदप्तरी राहतात. शिवाय नावडते केंद्र बदलायला नुसती एक कळ पिळावी लागे. श्रोत्याने तोंडाने काहीही म्हटले तरी त्याचे खरे मत त्या कळीपाशी होते.

या यंत्राच्या कथेत पुण्याचे नाव फार लवकर येते. ऑगस्ट 1921 मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'ने तारखात्याच्या साह्याने आपल्या मुंबईच्या कचेरीतून संगीताचा एक खास कार्यक्रम बिनतारी यंत्राने प्रक्षेपित केला आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात बसून ऐकला. त्यांच्याच विनंतीवरून तो योजला होता. म्हणजे आपल्याकडचा हा पहिला प्रसिद्ध श्रोता साक्षात लाटसाहेब! सामान्य श्रोत्याची पाळी यायला आणखी सहा वर्षे लागली. मधल्या काळात मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे हौशी मंडळींनी रेडिओ क्लब काढून थोडेबहुत कार्यक्रम चालविले. पुढे 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईच्या केंद्राचे उद्घाटन झाले. ते 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी' या खासगी कंपनीचे होते. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचे केंद्रही सुरू झाले.

कंपनीची मिळकत दोन वाटांनी यायची होती. श्रोत्याने भरायच्या वार्षिक दहा रुपये परवाना-फीचा मोठा हिस्सा, आणि परदेशातून येणाऱ्या संचांच्या किंमतीवर एक ठराविक आकार. हिशेब कागदावर ठीक होता. पण केंद्राची शक्ती अवघी दीड किलोवॉट. स्वस्त असा स्फटिकाचा संच घेतला, तर शहराच्या आसपासच तेवढे ऐकू येई. या संचाला विजेची गरज नसे. एका खनिजाच्या खड्यावर बारीक तार टेकवून नेमकी जागा शोधायची आणि कानाला यंत्र लावून बसायचे. ऐकणार एक, फार तर दोघे. बाकीच्या घराने त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचे! व्हॉल्वचा मोठा संच चारचौघांना ऐकवी, पण त्याची किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरची. त्यातच मध्यम लहरींवर उन्हाळ्या-पावसाळ्यात आकाशातील विजेची खरखर इतकी, की गाण्याआधी तीच ऐकावी लागे.

लोकांनी आपले मत पैशांत दिले. 1927 च्या अखेरीस परवाने साडेतीन हजारांच्या आसपास होते. 1929 च्या अखेरीस ते पावणेआठ हजारांच्या घरात गेले. परवाना न काढता ऐकणारे किती होते याची मोजदाद अर्थातच नाही, पण कंपनीला त्यांची चांगलीच झळ लागली. मार्च 1930 मध्ये कंपनी बुडाली आणि 1 एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेतला. दीड वर्षांतच, ऑक्टोबर 1931 मध्ये, काटकसरीच्या नावाखाली सरकारने हे खातेच बंद करण्याचे ठरविले. आणि मग मौज झाली. जे लोक कालपर्यंत कार्यक्रमांना नावे ठेवीत होते, त्यांनीच आरडाओरडा केला. नोव्हेंबरमध्ये सरकारला निर्णय फिरवावा लागला आणि 1932 च्या मे महिन्यात केंद्रे चालू ठेवण्याचे पक्के ठरले. आपल्याला न आवडणारी वस्तूही कोणी काढून घेऊ लागला की ती आपली वाटू लागते, हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु त्यात विसंगती होती असे मला वाटत नाही. लोकांची तक्रार कार्यक्रमांविरुद्ध होती, रेडिओविरुद्ध नव्हती.

येथून पुढे यंत्राचा प्रश्न मागे पडतो आणि आवाज कोणाचा हा प्रश्न पुढे येतो. 1935 साली बी.बी.सी.तून लायनेल फील्डन नावाचा एक तऱ्हेवाईक पण कर्तबगार गृहस्थ येथे नियंत्रक म्हणून आला. खात्याचे सरकारी वळणाचे नाव बदलून 8 जून 1936 पासून 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव रूढ करण्यामागे तोच होता. हे नाव आपण व्हाइसरॉयच्याच तोंडून युक्तीने कसे वदवून घेतले, ते त्याने आपल्या आठवणींत मोठ्या खुशीने सांगितले आहे. पण नाव 'अखिल भारता'चे झाले तरी धनी परकाच राहिला. दुसऱ्या महायुद्धात हे लोकांच्या चांगलेच ध्यानात आले.

लघुलहरींचा थोडा खुलासा येथे केला पाहिजे. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगतच सरकतात आणि काही अंतरावर विरतात. लघुलहरी वर जातात, वातावरणाच्या उंच थरावर आदळून परततात आणि हजारो मैलांवर उतरतात. आकाशाला जकातनाका नाही. त्यामुळे मुंबईच्या केंद्रापुरता घेतलेला संच जरा बरा असला, तर तो लंडन पकडी आणि बर्लिनही पकडी. सरकारने संचाला परवाना दिला, पण त्या संचाने काय ऐकावे याला कुंपण घालणे सोपे नव्हते.

याचा प्रत्यय 1942 साली आला. मार्च महिन्यात सुभाषचंद्र बोस विमान-अपघातात मरण पावल्याची बातमी वृत्तसंस्थेने जगभर दिली. महात्मा गांधींनी सुभाषबाबूंच्या मातोश्रींकडे दुखवट्याची तार केली. आणि थोड्याच दिवसांत सुभाषबाबू स्वतःच जर्मनीतील आझाद हिंद रेडिओवरून बोलले! ज्यांनी तो आवाज ऐकला, त्यांनी वर्तमानपत्रावर विश्वास ठेवावा की कानांवर? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत काँग्रेस रेडिओ निघाला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. सोबतीला विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी अशी तरुण मंडळी आणि पाठीशी राममनोहर लोहिया. 42.34 मीटरवर हा रेडिओ बोले, आणि पोलिसांना ठिकाण कळू नये म्हणून त्याचे बिऱ्हाड सारखे हलत असे. सरकारी केंद्र ज्या बातम्या गाळी त्या येथे मिळत. ऑल इंडिया रेडिओला 'अँटी इंडिया रेडिओ' म्हणण्याची टूम त्याच काळातली. 12 नोव्हेंबर 1942 ला पोलिसांनी त्यांना पकडले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी येरवड्यात भोगली. हा रेडिओ किती जणांनी ऐकला हे सांगता येत नाही. तीन महिने तो चालला, आणि तेवढ्या तीन महिन्यांसाठी सरकारने आपले शोधपथक कामाला लावले, यावरून काय समजायचे ते समजावे.

स्वातंत्र्य आले तेव्हा भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली आणि परवाने होते सुमारे पावणेतीन लाख. नागपूरचे केंद्र 1948 मध्ये आणि पुण्याचे 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. आता धनी आपलाच होता. मग श्रोत्याचे मत विचारले गेले काय? याचे उत्तर द्यायचे तर डॉक्टर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याविषयी बोलावे लागते.

केसकर 1952 ते 1962 नभोवाणी-मंत्री होते. जन्म पुण्याचा, संगीताची समज खरी, तळमळही खरी. 1952 साली त्यांच्या कारकिर्दीत सुरू झालेल्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने किती गवयांना आणि वादकांना घरोघर पोचविले हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते हे त्यांचे मत, आणि ती रेडिओवरून कमी केली की अभिरुची सुधारेल हा त्यांचा कयास. गीतांची संख्या घटविली. गीतासोबत चित्रपटाचे नाव सांगायचे की नाही यावरून निर्मात्यांशी तंटा झाला, आणि चित्रपटगीते जवळजवळ नाहीशीच झाली. हार्मोनियमवरही 1940 पासून बंदी होतीच. ती तर फील्डनच्या काळची, आणि स्वराज्यानेही ती तशीच जपली!

श्रोत्याने मोर्चा काढला नाही, निवेदन दिले नाही. त्याने कळ पिळली. युद्धकाळात माउंटबॅटनच्या सेनेसाठी कोलंबोत उभारलेला जबरदस्त प्रक्षेपक युद्धानंतर रेडिओ सिलोनच्या हाती आला होता. त्याच्या लघुलहरी आपल्या घरापर्यंत सहज येत. 3 डिसेंबर 1952 पासून तेथे अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा. सयानी सांगत की, पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि वर्षाच्या आत आठवड्याला साठ हजारांवर गेली. झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव तर गाण्यांच्या फर्माइशींनीच साऱ्या देशाला ठाऊक झाले. त्या काळी असे सांगत की, दहा घरांपैकी नऊ घरांतले रेडिओ सिलोनवर असतात आणि दहाव्या घरातला बिघडलेला असतो. पाच वर्षांनी, 3 ऑक्टोबर 1957 रोजी, सरकारने 'विविध भारती' काढली. कोलंबोने घेतलेले श्रोते परत आणण्याचा तो खटाटोप होता, आणि तो साधला.

श्रोत्याला हलकेच हवे होते, असा याचा अर्थ कोणी काढील. तो चुकीचा आहे. याच वर्षांत, 1 एप्रिल 1955 ला रामनवमीच्या मुहूर्तावर, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत आणि वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते. त्यासाठी लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून बसत, असे सांगणारी माणसे अजून भेटतात. सिलोन ऐकणारा आणि गीतरामायण ऐकणारा श्रोता पुष्कळदा एकच होता. त्याला काय उत्तम ते कळत होते. काय ऐकू नये हे दुसऱ्याने ठरविलेले मात्र त्याला खपत नव्हते.

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा विषय घेतला, तिच्याकडे येतो. 1956 साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने एक प्रयोग केला. आसपासच्या पाच मराठी जिल्ह्यांतील दीडशेच्या सुमारास खेड्यांत 'रेडिओ शेतकरी मंडळे' स्थापन झाली. गावातील वीसएक माणसे एकत्र बसत, शेतीवरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, आणि तो संपल्यावर रेडिओ बंद करून बोलू लागत. हे पटते का? आपल्या रानात चालेल का? खताला पैसा कोठून आणायचा? चिटणीस ते उतरून घेई आणि पुण्याच्या केंद्राकडे पाठवी. तेथून पुढच्या कार्यक्रमात शंकांची उत्तरे येत. असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी त्याची पाहणी केली, आणि ज्या गावांत मंडळे नव्हती त्यांच्याशी ताडून पाहिले. मंडळांच्या गावांत ज्ञान ठळकपणे वाढले होते. नुसता रेडिओ असलेल्या, पण चर्चा न करणाऱ्या गावांत तेवढी वाढ दिसली नाही.

या निष्कर्षाचे वजन पुरेसे ओळखले गेले नाही, असे मला वाटते. 1927 पासून सगळ्यांचे भांडण चालले होते ते आकाशातून काय खाली सोडायचे यावर. कंपनी, इंग्रज सरकार, केसकर, सिलोनचे जाहिरातदार, सगळे सोडणारे. खालचा माणूस वर काय पाठवू शकेल हा विचार प्रथमच पुण्याच्या आसपासच्या दीडशे गावांत झाला, आणि त्यासाठी काही नवे यंत्र लागले नाही. एक सतरंजी, एक चिटणीस आणि पोस्टाचे पाकीट पुरले. 1959 पासून ही योजना देशभर नेली. मंडळांची संख्या हजारांवर गेली, अहवालांत शोभू लागली. पण संख्या वाढविणे सोपे आणि पत्राचे उत्तर देणे कठीण. उत्तर येईनासे झाले की गावकरी लिहीत नाही, आणि लिहिण्याचे थांबले की मंडळ म्हणजे पुन्हा नुसता रेडिओ.

पुढची कथा थोडक्यात. ट्रान्झिस्टर आला आणि संच दिवाणखान्यातून बांधावर गेला. 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवरून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. सिलोनला नावे ठेवणाऱ्यांनी सिलोनचीच वाट धरली. ऐंशीच्या दशकात परवानाही गेला. मात्र आकाशावरचा सरकारचा हक्क 1885 च्या तार-कायद्यावर उभा होता, आणि तो कायदा झाला तेव्हा बिनतारी संदेश कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

त्या हक्काची तपासणी अखेर सर्वोच्च न्यायालयात झाली. आणि ती कशावरून? 1993 च्या हीरो चषकाचे क्रिकेटचे सामने कोणी दाखवायचे, यावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचे आणि मंत्रालयाचे भांडण झाले होते. 9 फेब्रुवारी 1995 रोजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने निकाल दिला की, ध्वनिलहरी वाहून नेणारे आकाश ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारचीही नाही आणि खासगी धन्याचीही नाही, आणि तिचा वापर स्वतंत्र सार्वजनिक मंडळाच्या देखरेखीखाली लोकांच्या हितासाठी व्हावा. 'प्रसार भारती' 1997 साली अस्तित्वात आली. तिच्या नेमणुका आणि तिचा पैसा मात्र सरकारच्याच हाती राहिला.