रकान्यात न मावलेले बहिरे

धंतोलीतून पायी फिरलात तर दवाखान्यांच्या गर्दीत 'कान-नाक-घसा' अशा पाट्या दिसतातच. त्या बघून एकदा प्रश्न पडला: सव्वाशे वर्षांपूर्वी नागपुरात ऐकू न येणारी माणसं किती होती? आता असा प्रश्न पडला की आपण काय करतो? जनगणनेचा अहवाल उघडतो. मीही तेच केलं.

१९०१ मध्ये मध्य प्रांताच्या जनगणनेचे प्रमुख आर. व्ही. रसेल होते. अहवालात व्यंगांवर वेगळं प्रकरण आहे आणि त्यात बहिऱ्यांचा तक्ताही आहे. काम झालं असं वाटलं. पण थांबा. तक्ता वाचण्याआधी रकान्याचं नाव वाचायचं असतं. तिथे मोजलेत ते फक्त जन्मतः मूकबधिर.

म्हणजे लहानपणी कान वाहून पडदा गेलेला, तापानंतर ऐकू येईनासं झालेला, म्हातारपणी हळूहळू बहिरा झालेला, यातला कुणीच त्यात नाही. माझ्या आजोबांना साठीनंतर हाक ऐकू येत नसे. ते १९०१ मध्ये असते, तर प्रगणकाने त्यांचा तो रकाना कोराच ठेवला असता.

मग ही माणसं शोधायची कुठे? थोडं आडवाटेने. याच रसेल यांनी रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीने मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ केला, तो १९१६ मध्ये निघाला. त्यात न्हाव्याच्या कामांमध्ये कान साफ करणं येतं, सोबत जळवा लावणं, दात काढणं, गळू फोडणंही येतं. आकडा एकही मिळत नाही, पण कान दुखला की माणूस कुणाकडे जाऊ शकत होता, ते कळतं.

२००१ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व विचारलं गेलं, तेव्हा प्रश्नच वेगळा होता. म्हणून १९०१ आणि २००१ चे आकडे एका आलेखावर मांडून 'बहिरेपण वाढलं' असं लिहू नका. व्हायवात पहिला प्रश्न त्यावरच येईल.

आता जे रकान्यात आले नाहीत, त्यांच्याकडे परत बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार मुलांमधलं जवळपास ६० टक्के बहिरेपण टाळता येण्याजोगं असतं. कान वाहणं हे त्यातलं एक मोठं कारण. कानातला मळ साधारणपणे आपोआप बाहेर सरकतो. काडी, पिन किंवा बड घातली की तो आत ढकलला जातो, कधी पडद्यालाही इजा होते. पडद्याला भोक असेल तर घरचं कोमट तेलही घातक ठरू शकतं. कान वाहत असेल तर तो कोरडा ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. अचानक ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी जा. उशीर झाला की उपचाराचा उपयोग कमी होत जातो.

आणि अभिलेखागारात गेलात की आधी रकान्याचं शीर्षक वहीत उतरवून घ्या, आकडा नंतर.